कच्च्या दाण्यांचा रविवार

लग्न होईपर्यंत कॉफी म्हणजे मला आजारपणातलं पेय वाटायचं. इतवारीतल्या आमच्या घरी ताप उतरलेल्या माणसाला जायफळ घातलेली दुधाळ कॉफी मिळायची, बाकी सगळ्यांना चहा. वडिलांचे हातमाग होते, घरभर खळीचा आंबूस वास भरलेला असायचा, आणि त्या वासात चहाच शोभायचा. मग मी माझ्याच वर्गातल्या एका तमिळ मुलाशी लग्न केलं. दोन्ही घरी व्हायची ती आदळआपट झाली, यथावकाश थांबली, आणि मी प्रतापनगरात सासरी राहायला आले. सत्तर साल उलटून थोडे दिवस झाले होते. प्रतापनगरात तेव्हा घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. सासऱ्यांनी रेल्वेतून निवृत्त होऊन तिथे घर बांधलं होतं. मागे एक रुंद व्हरांडा, त्यात एक कोळशाची शेगडी, आणि त्या शेगडीसमोर पाटावर माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा.

अम्मा तंजावरकडच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हा त्यांना इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. त्या मराठी शिकल्या भाजीवालीकडून आणि धुणंवालीकडून, त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त नागपुरी होतं. मी बी. ए., बी. एड. होऊन पुस्तकी मराठी बोलायची आणि त्या मला म्हणायच्या, "काहून वं, सरळ बोलता नाही येत तुले?" मला हसू यायचं. पहिले काही महिने मला त्या घरात पुष्कळ हसू यायचं.

आता त्या घरातली मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे कॉफीची पूड विकत आणत नसत. कच्चे दाणे आणत, घरी भाजत आणि भिंतीला ठोकलेल्या हातयंत्रात दळत. दाणे कुठले आणायचे हे वर्षातून एकदा ठरे, फाल्गुनातल्या एका रविवारी. त्याआधी दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांमधून ओळखीपाळखीच्या माणसांबरोबर नमुन्याच्या लहान लहान कापडी पिशव्या यायच्या. एक चिकमगळूरची, एक कूर्गची, एक निलगिरीची, कधी वायनाडची. आसपासच्या तमिळ घरांतल्या बायका त्या सकाळी आमच्या व्हरांड्यात जमत. सगळ्यांचं मिळून एकच पोतं मागवलं जाई, आणि ते कुठल्या डोंगरावरचं हे अम्मा ठरवत.

त्या निवडीची एक रीत होती आणि ती रीत मोडायची कोणाची छाती नव्हती. अम्मा एकेका पिशवीतले दाणे पांढऱ्या धोतरावर ओतायच्या. दाणा निळसर हिरवा असला तर नवा, फिकट पडला असला तर गोदामात बसलेला. मग त्या एक दाणा दाढेखाली धरायच्या. चिवट लागला तर वाळवताना घाई केलेली. शेवटी दाणे परत पिशवीत भरून, पिशवीचं तोंड नाकाशी धरून, डोळे मिटून त्या एक लांब श्वास घ्यायच्या. अम्मांच्या आधी कोणी वास घ्यायचा नाही. आणि अम्मांनी घेतल्यावर दुसऱ्या कोणी घ्यायचं कारणच उरत नसे. त्या सांगायच्या, "हे झाडाच्या सावलीत वाढलंय," किंवा "ह्याला पोत्यात पाऊस लागलाय," आणि बायका माना डोलवायच्या. निवड झाली की तेच दाणे तिथेच कढईत पडत, आणि त्याची कॉफी पिऊनच मंडळी घरी जात.

मला पहिल्या वर्षी हा सगळा प्रकार थोतांड वाटला. कच्च्या कॉफीला वास तो काय असणार? पण मीही खळीच्या वासात वाढलेली, आंबलेली खळ आणि नासलेली खळ यातला फरक मला लहानपणापासून कळायचा. अम्मांच्या मागे बसून मी चोरून वास घ्यायला लागले. नव्या दाण्याला ओल्या हरभऱ्याचा वास असतो, जुन्याला गोणपाटाचा. कूर्गच्या दाण्याला मातीची जड ओल, चिकमगळूरच्या दाण्यात कुठेतरी गूळ. अम्मांना हे कळलं तेव्हा त्यांनी नुसतं म्हटलं, "नाक आहे वं तुले." त्यांच्याकडून मला मिळालेलं ते पहिलं कौतुक, आणि मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या वर्षी थंडीत अम्मांना मोठा ताप आला. महिनाभर त्या अंथरुणात होत्या. उठल्या त्या तशाच कडक उठल्या, आणि फाल्गुनातला रविवार नेहमीसारखा आला. त्या वेळी निलगिरीची पिशवी कोण्या नातेवाइकाच्या लोखंडी ट्रंकेतून आली होती. अम्मांनी रंग पाहिला, दाणा चावला, पिशवी नाकाशी धरली, डोळे मिटून श्वास घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की यंदा निलगिरी. इतका स्वच्छ डोंगराचा वास पुष्कळ वर्षांत आला नाही म्हणाल्या. बायकांनी माना डोलवल्या. पिशवी कढईत ओतायला माझ्या हातात आली आणि मला भक्कन वास आला, डांबराच्या गोळ्यांचा. ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांत ठेवलेल्या गोळ्यांचा वास त्या दाण्यांनी पार पिऊन टाकला होता. नाक चोंदलेल्या माणसालाही कळला असता.

मी अम्मांकडे पाहिलं. त्या कढई तापवत होत्या, चेहरा शांत. क्षणभर वाटलं, मस्करी करताहेत. अम्मा कॉफीच्या बाबतीत मस्करी करत नसत. कढईत ते दाणे पडले असते तर सगळ्या व्हरांड्यात डांबराचा धूर झाला असता आणि त्या सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं असतं. मी उठताना पाय अडकल्याचं सोंग केलं आणि पिशवी कोपऱ्यातल्या मोरीच्या भरल्या बादलीत पाडली. अम्मा माझ्यावर अशा कडाडल्या की शेजारच्या प्लॉटवरची कुत्री पळाली. धांदरट, आंधळी, कोष्ट्याची पोर, सगळं झालं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग एकदाच मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या बोलता बोलता थांबल्या. मग बायकांकडे वळून म्हणाल्या की जाऊ द्या, चिकमगळूरही चांगलं आहे.

दुपारी सासरे आणि माझा नवरा झोपले होते. अम्मांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"काय होतं वं त्या पिशवीत?"

"डांबराच्या गोळ्या होत्या, अम्मा. ट्रंकेतला वास."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पदराशी चाळा करत राहिल्या.

"तापानंतर वास गेला," त्या म्हणाल्या. "मले वाटलं येईन परत. दूध उतू जाऊन करपते, मले नाही समजत. तू कोणाले सांगशील नको."

"नाही सांगणार."

"ह्या गावात मले कोणी ओळखत नव्हतं, पोरी. बोलता येत नव्हतं, शेजारणी हसत. ह्या नाकानं मले उभं केलं इथं. आता हे नाही म्हणून समजलं, तं मी कोण मंग?"

मला त्यांची इतकी दया आली की मी म्हटलं, माझं नाक आहे ना. किती सहज बोलून गेले! ते एक वाक्य मी माझ्या गळ्यात बांधून घेतलं.

आमच्या खुणा ठरल्या. निवडीच्या वेळी, दाणे भाजताना, मी सूप घेऊन अम्मांच्या उजव्या हाताला बसायचं. दाण्यांचा वास गवताचा होता तो पावाचा झाला की एकदा बांगडी सुपाच्या काठावर वाजवायची. पुढे गुळाचा वास येऊन नेमका करपण्याच्या आधीचा क्षण आला की दुसऱ्यांदा वाजवायची, की अम्मा कढई उतरवणार. तडतड कानाला ऐकू यायची, रंग डोळ्यांना दिसायचा, पण अम्मांचा त्यांच्यावर भरवसा राहिला नव्हता. त्यांना माझी बांगडीच लागायची. कोणी बाई मूठभर दाणे घेऊन आली, "अम्मा, पाहा बरं, भावानं पाठवलेत," की मी हातातलं काम टाकून धावायची. अम्मा वास घ्यायच्या, पिशवी मला धरायला द्यायच्या, मी वाटीत पाणी आणलं तर दाणे चांगले, रिकाम्या हाताने आले तर वाईट. आणि ही बाई कधीही यायची. सकाळी, भर दुपारी, मी न्हाणीघरात असताना.

सुरुवातीला मला गंमत वाटली. सगळ्या वस्तीवर माझं नाक राज्य करत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. पण मग मला माहेरी दोन दिवस राहायला जायचं झालं, तर अम्मा दारात उभ्या राहून विचारायच्या, "उद्या येशील न वं?" पिक्चरला जायचं झालं तर म्हणायच्या, "कोणी आलं तं?" मला साधी सर्दी झाली की घरात दुखवटा. हळद घातलेलं दूध, ओव्याची धुरी, सारखा हात कपाळावर. माझी काळजी घेतली जात होती की माझ्या नाकाची, हे मला कळेनासं झालं. बैलाच्या नाकात वेसण असते तशी माझ्या नाकात पडली होती, आणि दोरी त्या पाटावर बसलेल्या बाईच्या हातात होती.

त्याच उन्हाळ्यात कळमेश्वरच्या एका शाळेत मला नोकरी मिळत होती. तिथे शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने माझं नाव सुचवलं होतं. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परतायचं. नवऱ्याची ना नव्हती. सासरे म्हणाले, जाऊ दे की, शिकलेली आहे. लग्नाआधी अम्माच म्हणाल्या होत्या की हिने नोकरी केली तरी चालेल. त्याच अम्मा आता सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काहून जाऊन राहिली एवढ्या दूर? घरी काय कमी आहे तुले?"

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. रविवारी एकदम भाजून ठेवू म्हटलं. आठवडाभराची शिळी कॉफी कोणी पिणार नाही म्हणाल्या. येणाऱ्या बायकांना संध्याकाळी बोलवा म्हटलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि रडायलाच लागल्या. कोणी रागावलं तर मी भांडू शकते, रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी काय भांडणार? नवऱ्याला खरं सांगावं तर शब्द दिलेला. "तूच नको म्हणालीस ना शेवटी," असं तो नंतर कितीदा तरी म्हणाला, आणि मी गप्प बसले. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

तो उन्हाळा मी कधी विसरणार नाही. सकाळी आठलाच ऊन डोळ्यांत घुसायचं, दहा वाजता सगळी दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर, आणि भिजलेल्या वाळ्याचा वास. तो वास पाहुण्यांना सुखाचा वाटायचा, मला त्या बंद खोलीचा वाटायचा. मला सगळ्याचे वास यायला लागले होते. उशीच्या अभ्र्यातलं तेल, सासऱ्यांची तपकीर, ताटाखालचं ओलं फडकं. रात्रंदिवस नाक ताणून बसलेल्या माणसाचं आणखी काय होणार? मी सकाळी शेगडीपाशी सूप घेऊन बसायची आणि लांब रस्त्यावर कळमेश्वरकडे जाणारी नसेलही, पण कुठली तरी बस जाताना ऐकू यायची. मग मी बांगडी वाजवायची. मला अम्मांचा राग यायचा, असा की एखाद्या दिवशी बांगडी वाजवूच नये, करपू दे सगळं, असं वाटायचं. कधी केलं नाही तसं.

पुढच्या वर्षी फाल्गुन लागायच्या आधी मैत्रिणीचा पुन्हा निरोप आला. जूनपासून एक जागा रिकामी होणार होती. ह्यावेळी पक्कं सांग, म्हणाली, तिसऱ्यांदा मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. मी दोन दिवस विचार केला. भांडून उपयोग नव्हता, रडायला मला येत नव्हतं, शब्द मोडायचा नव्हता. मग एक उपाय सुचला आणि तो इतका साधा होता की मी स्वतःशीच हसले.

मला नुकतीच सर्दी होऊन गेली होती. मी दुपारी अम्मांजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अम्मा, माझाही वास गेला. सर्दी उतरली, पण नाक परत आलं नाही. आठ दिवस झाले. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

हो, खोटं बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी नजर दुसरीकडे वळवली. "काहीच येत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी शेजारचा कापराचा डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. मी श्वास घेतला, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, आणि मान हलवली. त्यांनी उठून ताटं घेतली आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.

"रसम कसं झालं वं?" मध्येच त्यांनी विचारलं.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मस्त झालंय अम्मा. आज हिंग अगदी बरोबर पडलाय."

त्या हातातला घास घेऊन थोडा वेळ थांबल्या. मग खाल्ला आणि म्हणाल्या, "बरं झालं."

दोन दिवसांनी मी मैत्रिणीला होकार कळवला आणि घरात सांगितलं, ह्यावेळी अम्मांनी अडवलं नाही. फाल्गुनातला रविवार आला. पांढरं धोतर पसरलं होतं, पिशव्या आल्या होत्या, बायका बसल्या होत्या. मी सवयीने अम्मांच्या उजव्या हाताला सूप घेऊन बसले. आता ह्या काय करणार, हे मला माहीत नव्हतं. अम्मांनी कूर्गची पिशवी हातात घेतली, दाण्यांवरून बोटं फिरवली आणि ती तशीच न उघडता खाली ठेवली. तमिळमध्ये, जी एव्हाना मलाही कळायची, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, त्या म्हणाल्या की मला वास येत नाही. मागच्या वर्षीपासून येत नाही. ह्यापुढे ज्यांनी त्यांनी आपापलं पाहावं, आमच्या घरी बर्डीच्या बाजारातून तयार पूड येईल.

सासरे दारात उभे होते, ते तसेच उभे राहिले. मग एक म्हातारी बाई म्हणाली की अहो, सुनेला शिकवलंत ना तुम्ही, ती कायम शेजारी बसलेली असते, ती निवडेल. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

"हिला?" अम्मा तमिळमध्येच म्हणाल्या आणि हसल्या. "हिला काय कळतंय? चहावाल्या घरातली ती. मागच्या वर्षी पिशवी मोरीत पाडली, आठवतं ना? आणि जूनपासून तिला नोकरी आहे, तिला वेळ कुठला."

बायका हसल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण कान तापले. त्या व्हरांड्यातले इतके दिवसांचे सगळे अचूक निकाल माझे होते आणि मला काही कळत नाही, हे मी मान खाली घालून ऐकत होते. बायका लवकर उठल्या. त्या दिवशी कढई तापलीच नाही.

जूनमध्ये मी बसमध्ये बसले. शाळा, वह्या, मुलींचा गलका, सगळं मला आवडलं. आमच्या घरी बर्डीवरची पूड येऊ लागली, त्यात कॉफीपेक्षा चिकोरीची भेसळच जास्त. अम्मा ती मुकाट्याने पीत. व्हरांड्यात बायका येईनाशा झाल्या. सुटले म्हणावं, तर घरात मला अजून सोंग वठवायचं होतं. दूध लागलं तरी उठायचं नाही, मोगऱ्याचा गजरा आणला तरी नाकाशी न्यायचा नाही. नवरा विचारायचा, "तुला मोगरा आवडायचा ना?" मी म्हणायची, आता नाही आवडत. बस सुटली की खिडकीत बसून मी पोटभर श्वास घ्यायची. डिझेल, ओली शेतं, शेजारणीच्या डब्यातली मेथीची भाजी, सगळं.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग एका शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील, घरात आम्ही दोघीच होतो. मागून कोळसे पेटवल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो अम्मा पाटावर बसलेल्या, जुनी कढई शेगडीवर, आणि मांडीवर एक लहान कापडी पिशवी. कूर्गहून कोणीतरी आठवण ठेवून पाठवली होती.

"बस," त्या म्हणाल्या. "इथं, उजव्या हाताले."

मी बसले. त्यांनी मूठभर दाणे कढईत टाकले आणि हलवायला लागल्या.

"घरी कोणी नाही आता," त्या म्हणाल्या. "सांग, कसा वास येऊन राहिला."

"अम्मा, मला तर..."

"हिंग जिभेले लागत नाही, पोरी. तो नाकालेच लागते. मले तं मीठ आन तिखट सोडून काहीच नाही लागत, ताप आला तेव्हापासून. जेवण म्हणजे फडकं चावल्यासारखं. आन तू म्हणाली, हिंग बरोबर पडला."

इतक्या वर्षांत त्यांना जेवण कसं लागतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

अम्मांनी उलथनं थांबवलं नाही. "बोलली असती तं तू राहिली असती," त्या म्हणाल्या.

दाणे पिवळे पडायला लागले होते. मी डोळे पुसले आणि पुढे वाकले. "आता ओल्या गवताचा येतोय, अम्मा," मी म्हटलं. "वर थोडी माती आहे. मागच्या कूर्गपेक्षा जड. थांबा, आता पाव भाजल्यासारखा व्हायला लागला." त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तडतड सुरू झाली, पिवळ्याचं तांबूस झालं, गूळ आला, आणि मी सवयीने बांगडी वाजवायला हात उचलला.

"बांगडी नको वाजवू," अम्मा म्हणाल्या. "तोंडानं सांग."